रोज वेगळी लागणारी कॉफी: काटा, दळण आणि डबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका घरी दर महिन्याला चिकमगळूरचे अर्धा किलो भाजलेले अरेबिका दाणे येतात. आले की सगळे एकदम मिक्सरवर दळले जातात, काचेच्या बरणीत भरले जातात आणि बरणी फ्रिजमध्ये जाते. सकाळी स्टीलच्या फिल्टरची दुधाची कॉफी होते, दुपारी कागदी फिल्टरच्या कोनातून काळी. माप दोन्हीला ‘दोन चमचे’. त्याच पुड्यातली कॉफी एक दिवस आंबट लागते, दुसऱ्या दिवशी कडू, आणि पावसाळ्यात पावडरीचे गोळे होतात. मग चांगला ग्राइंडर घ्यावा का?

घ्यावा, पण आधी वजनकाटा घ्या. तुमच्या कॉफीत तीन दोष एकात एक मिसळले आहेत: माप रोज बदलतं, दळण एकसारखं नाही आणि पावडर शिळी व ओलसर होते. तिन्ही एकाच वेळी हलत असताना कुठल्या दिवशी कशाने चव गेली हे कुणालाच सांगता येणार नाही. वजन पक्कं करायला सर्वांत कमी खर्च येतो आणि ते झालं की उरलेले दोष आपोआप उघडे पडतात.

चमचा का चालत नाही ते पाहा. भाजताना दाण्याचं वजन साधारण १२ ते २० टक्क्यांनी घटतं आणि आकार मात्र फुगतो. भाजणी जितकी गडद तितका दाणा हलका, पोकळ. त्यामुळे गडद कॉफीचा एक चमचा फिक्या भाजणीच्या चमच्यापेक्षा वजनाला कमी भरतो. शिवाय बारीक पावडर दबून बसते, भरड मोकळी राहते. सपाट टेबलस्पूनमध्ये सुमारे ५ ग्रॅम पावडर मावते, शीग लावली की ७ ते ८. म्हणजे तुमचे दोन चमचे कधी १० ग्रॅम असतात, कधी १६. एवढ्या फरकात कुठलीही कॉफी रोज वेगळीच लागेल.

काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. पीठ-साखर मोजायचा १ ग्रॅमचा काटा पाण्यासाठी उत्तम आहे, पण १५ ग्रॅम कॉफीत तो सहज अर्धा-पाऊण ग्रॅम इकडे-तिकडे करतो. खिशात मावणारे, सोनारकामाला वापरतात तसले छोटे काटे पुरेसे अचूक असतात. त्यांची एक खोड लक्षात ठेवा: दाणे एकेक करून फार सावकाश टाकले तर काटा तो बदल शून्याचीच हालचाल समजून गिळतो आणि आकडा पुढे सरकत नाही. म्हणून दाणे एकदम ओता आणि शेवटी दोन-चार काढा किंवा घाला. काटा खरा दाखवतो का, हे पाहायला २०११ नंतरचं १० रुपयांचं नाणं ठेवा. ७.७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. काटा येईपर्यंत दाणे मोजून काम भागवता येतं: मध्यम आकाराच्या अरेबिकाचे १०० ते ११० दाणे म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. पीबेरी, म्हणजे फळात जोडीऐवजी एकच निघणारा गोल दाणा, याला हा हिशेब लागू पडत नाही.

आता प्रमाण. काळ्या कॉफीला लिटरमागे ६० ग्रॅम कॉफी हे सुरुवातीला धरायचं माप आहे. एका मोठ्या कपासाठी १५ ग्रॅम कॉफी आणि २५० ग्रॅम पाणी. पाणीसुद्धा काट्यावरच ओता, कारण मगवरच्या रेघा भरवशाच्या नसतात. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कपात २२० मिली उतरेल. ते कमी वाटलं म्हणून वरून आणखी पाणी सोडू नका. भाजलेल्या दाण्यातला जेमतेम २८ ते ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. अमेरिकेत संशोधक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात जी मोजमापं केली, त्यांतून दाण्याच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अर्क उतरला की चव सर्वांत रुचते हा अंदाज रूढ झाला आणि आजही तोच वापरला जातो. त्याखाली राहिलं की आंबट, पोकळ, किंचित खारट. वर गेलं की कडू आणि जिभेला कोरडं करणारं तुरट. उतरून गेलेल्या चोथ्यावर वाढीव पाणी घालणं म्हणजे ती शेवटची कडू खरड कपात ओढणं.

स्टीलच्या फिल्टरचं गणित वेगळं. तिथे आपल्याला कॉफी नको, डिकॉक्शन, म्हणजे दुधात घालायचा दाट अर्क, हवा असतो. दोन कपांसाठी २० ग्रॅम पावडर आणि १०० ते ११० ग्रॅम पाणी. पावडर वरच्या भांड्यात घालून भांडं हलकेच टेबलावर ठोका, म्हणजे थर सपाट होईल. दांडीची जाळी नुसती ठेवायची, दाबायची नाही. उकळी बसलेलं पाणी आधी ३० ग्रॅम ओता, अर्धा मिनिट थांबा, पावडर फुगू द्या, मग उरलेलं ओतून झाकण लावा. १५ ते २० मिनिटांत ६० ते ७० मिली दाट डिकॉक्शन खाली यायला हवं. प्रत्येक कपाला ३० मिली डिकॉक्शन आणि १०० मिली गरम दूध. पाच मिनिटांत सगळं गळून गेलं तर दळण भरड आहे. तासाभरानेही पाणी वरच उभं असेल तर दळण पिठूळ आहे, जाळी दाबली गेली आहे किंवा भोकं बुजली आहेत. भोकं उजेडाकडे धरून पाहा. बुजलेली असतील तर रिकामं वरचं भांडं चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर मिनिटभर तापवा. अडकलेला चोथा जळून सुटतो, मग थंड झाल्यावर ब्रशने घासा. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी घालून निघणारं डिकॉक्शन पहिल्यात मिसळू नका, पहिल्याचीही चव जाते.

दळणाकडे येऊ. खरी मेख इथे आहे.

मिक्सर दाणा दळत नाही, तोडतो. पातं ज्या दाण्याला लागेल त्याचे तुकडे होतात. तळाशी असलेले दहा वेळा कापले जाऊन पीठ होतात, वर उडालेले अर्धेच राहतात. एकाच कपात पीठ आणि कण्या दोन्ही गेल्या की पिठातून कडवटपणा पूर्ण उतरतो आणि कण्यांच्या पोटापर्यंत पाणी पोहोचतच नाही, म्हणून आंबटपणा राहतो. ‘कडू आहे की आंबट तेच कळत नाही’ अशी जी चव असते ती बहुतेक वेळा हीच. बर ग्राइंडर म्हणजे आपलं जातंच. दोन दातेरी भाग, त्यांच्यामधली फट ठरलेली, आणि त्या फटीतून मावेल एवढा बारीक झाल्याशिवाय कण बाहेर पडत नाही. थोडं पीठ त्यातही होतं, पण कण बऱ्यापैकी एका मापाचे येतात आणि मुख्य म्हणजे आज जे माप लावलं तेच उद्या पुन्हा लावता येतं.

किती बारीक दळायचं हे आपल्या स्वयंपाकघरातल्या जिनसांवरून ठरवता येतं. फ्रेंच प्रेसला, म्हणजे कॉफी पाण्यात मुरवून वरून जाळी खाली ढकलायच्या भांड्याला, इडली रवा. कागदी फिल्टरच्या कोनाला जाड रवा. स्टीलच्या फिल्टरला बारीक रवा, बोटांत चोळला तर कण जाणवायलाच हवेत. मोका पॉटला, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायच्या भांड्याला, टेबल मिठापेक्षा किंचित बारीक. चिमूटभर पावडर आणि चिमूटभर रवा काळ्या कागदावर शेजारी ठेवून भिंगातून पाहिलं तर अंदाज पटकन बसतो. ग्राइंडरच्या खटक्यांचे (दळण बारीक-भरड करायची चकती फिरवताना ‘खट्’ होणाऱ्या टप्प्यांचे) आकडे मात्र दुसऱ्याकडून उचलू नका. एकाचे १८ खटके दुसऱ्या यंत्रावर २८ असू शकतात. आपल्या यंत्राचं शून्य, म्हणजे दोन्ही दातेरी भाग जिथे एकमेकांना टेकतात ती जागा, एकदा रिकाम्या यंत्रावर हलक्या हाताने शोधा आणि तिथून खटके मोजा.

रोज १५-२० ग्रॅम दळायचे असतील तर हाताने फिरवायचा, स्टीलचे दाते असलेला ग्राइंडर विजेच्या स्वस्त ग्राइंडरपेक्षा चांगला. तेवढ्याच पैशांत तिथे मोटारीऐवजी दात्यांवर खर्च झालेला असतो. विकत घेताना मधला दांडा हलवून पाहा. तो डुगडुगत असेल तर दळण कधीच सारखं येणार नाही, मग बाहेरून यंत्र कितीही देखणं असो.

दळण्याआधी दाणे ताटलीत पसरून तांदूळ निवडतो तसे निवडा. वाळवणाच्या अंगणातून आलेला बारीक खडा कधीमधी सापडतोच आणि एक खडा दात्यांची धार कायमची घालवतो. कोरड्या हवेत, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्या-उन्हाळ्यात जास्तच, पावडर स्थितिक विजेने भांड्याला चिकटते आणि उडते. बोट ओलं करून दाण्यांवर पाण्याचा एकच थेंब शिंपडा, चमच्याने हलवा आणि लगेच दळा. खूप फरक पडतो. दळणाचं माप बदललं की पहिले दोन-तीन ग्रॅम फेकून द्या, आत अडकलेली जुन्या मापाची पावडर असते ती. दोन आठवड्यांनी एकदा दाते उघडून कोरड्या ब्रशने झाडा. मिक्सरचं भांडं स्वच्छ करायला मूठभर तांदूळ फिरवणं ठीक, पण बर ग्राइंडरमध्ये कच्चे तांदूळ घालू नका. ते भाजलेल्या कॉफीपेक्षा कितीतरी कठीण असतात, मोटारीवर आणि दात्यांवर ताण येतो.

ग्राइंडर येईपर्यंत मिक्सर वापरायचाच असेल तर तो असा वापरा. चटणीचं छोटं भांडं घ्या, मसाल्याचा वास नसलेलं, पूर्ण कोरडं. दाणे निदान ३० ग्रॅम असू द्या, त्याहून कमी असले तर ते पात्याच्या वरच उडत राहतात. सलग फिरवायचं नाही. एक सेकंद फिरवा, थांबा, भांडं उचलून हलवा, असं दहा-बारा वेळा. मग रव्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेल्या कण्या परत दोन-तीन झटके द्या. ही पावडर स्टीलच्या फिल्टरला चालते. काळी कॉफी हवी असेल तर मिक्सरच्या दळणाला कोनापेक्षा फ्रेंच प्रेस मानवतो: १५ ग्रॅमला २५० ग्रॅम पाणी, चार मिनिटं मुरवा, वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका, आणखी पाच मिनिटं तसंच ठेवा म्हणजे पीठ तळाशी बसेल, आणि जाळी पृष्ठभागापर्यंतच खाली करून अलगद ओता. कोनात हेच पीठ कागदाची छिद्रं बुजवतं आणि पाणी तुंबतं.

कोनाची कृती अशी. कागद आधी गरम पाण्याने धुवा. १५ ग्रॅम जाड रव्यासारखी पावडर, ९३ ते ९६ अंशांचं पाणी. ठाण्यात उकळी आल्यावर झाकण काढून अर्ध्या मिनिटाने तेवढं होतं. (महाबळेश्वरला पाणी जेमतेम ९५-९६ अंशांवर उकळतं, तिथे थांबूच नये.) पहिले ४५ ग्रॅम पाणी सगळी पावडर भिजेल असं ओतून ४० सेकंद थांबा. ताजी कॉफी असेल तर ती फुगून बुडबुडे येतील. तो भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड आहे. तो निघाल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. उरलेलं पाणी दोन-तीन वेळा विभागून ओता. पहिल्या थेंबापासून एकूण पावणेतीन ते सव्वातीन मिनिटं लागायला हवीत.

मग दुरुस्ती. वजन, पाणी आणि तापमान तेच ठेवून फक्त दळण हलवा. पावणेदोन मिनिटांत पाणी गेलं आणि चव आंबट, पातळ असेल तर दोन खटके बारीक करा. साडेचार मिनिटं लागून कडू-तुरट झाली तर दोन खटके भरड. वेळ बरोबर असून चव नुसतीच फिकी असेल तर दोष दळणाचा नाही, १५ ऐवजी १६ ग्रॅम घ्या. कडक आणि कडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा कॉफीच्या वजनाने ठरतो, कडवटपणा किती अर्क ओढला त्यावर. बहुतेक घरी कॉफी कडू झाली की पावडर कमी केली जाते, आणि मग तेवढंच पाणी कमी पावडरीतून जास्त ओढून घेतं, म्हणजे कॉफी पातळही होते आणि कडूही राहते. वजनं आणि खटके फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. आठवडाभरात तुमचं माप हाती येईल.

सगळं बरोबर करूनही चव सपाट राहिली तर पाणी पाहा. आरओमधून फारच कमी क्षार उरलेलं पाणी आणि बोअरचं जड पाणी, दोन्ही कॉफीला वाईट. मुंबई-ठाण्याचं नळाचं पाणी गाळून उकळलेलं उत्तम.

साठवण. पहिला नियम दळून ठेवायचं नाही हाच. दाणा शाबूत असतो तोवर त्याचा सुगंध आत कोंडलेला असतो. दळला की हवेला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि तासाभरातच वास उतरायला लागतो. दुकानातूनच दळून आणणं भाग असेल, उदाहरणार्थ माटुंग्याहून चिकोरी (एका मुळाची भाजून केलेली पूड) घालून, तर एका वेळी १०० ग्रॅमच आणा आणि आठवड्यात संपवा. ‘फिल्टरसाठी’ असं स्पष्ट सांगा, आणि आधीच्या गिऱ्हाइकाची पावडर गिरणीतून निघून जाऊ द्या. चिकोरी नको असणाऱ्याच्या पुड्यात ती येण्याचा मार्ग बहुधा हाच असतो. चिकोरीमिश्रित पावडरीत निदान ५१ टक्के कॉफी असावी असा आपल्याकडचा नियम आहे आणि टक्केवारी पाकिटावर छापावी लागते. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी इथून सुरुवात करा. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, डिकॉक्शनला दाटपणा आणि रंग देते, आणि हवेतली ओल अधाशासारखी ओढते. पावसाळ्यात चिकोरीच्या पावडरीचे गोळे आधी होतात ते त्यामुळे.

तुमच्या बिनचिकोरीच्या पावडरीचे गोळे झाले, त्याचं कारण फ्रिज. जुलैत थंड पाण्याची बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, तोच घाम बरणी उघडल्याबरोबर थंड पावडरीवर धरतो. रोज दोनदा, महिनाभर. शिवाय काल चिरलेल्या कांद्याचा वास आहेच. फ्रिजमधल्या ४-५ अंशांचा फायदा या ओलीपुढे काहीच नाही. ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफी पावसाळी हवेतच ठेवतात मग आपलीच का बिघडते, असं काही जण विचारतात. मंगळूरच्या किनाऱ्यावर ती हवा देतात ती कच्च्या, न भाजलेल्या दाण्याला. तो फुगतो, फिकट होतो, त्याचा आंबटपणा जातो, आणि मग तो भाजला जातो. भाजलेल्या दाण्याला ओल लागली की फक्त नुकसानच.

पुड्यावर भाजल्याची तारीख असेल तेच दाणे घ्या. ‘१२ महिन्यांत वापरा’ या ओळीवरून ताजेपणा कळत नाही. भाजल्यानंतर पहिले चार-पाच दिवस वायू इतका सुटतो की कॉफी नीट उतरत नाही. सातव्या दिवसापासून महिनाभर दाणा उत्तम असतो. एकेरी झडप (आतला वायू बाहेर सोडते, बाहेरची हवा आत घेत नाही) असलेलं मूळ पाकीट चांगलंच असतं. हवा दाबून काढा, घट्ट गुंडाळा, आणि पाकिटासह रबरी कडं असलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवा, गॅस आणि खिडकीपासून लांब. काचेची बरणी वापरायचीच असेल तर ती कपाटाच्या अंधारात. मोठ्या डब्यात तळाला उरलेले दाणे हेही चुकीचंच. दाणे जसजसे संपतात तसतशी आत हवा वाढते, म्हणून डबाही छोटा करत जा.

अर्धा किलोच आणायचे असतील तर १५० ग्रॅम बाहेर ठेवा आणि उरलेले फ्रीझरमध्ये. फ्रीझर चालतो, फ्रिज नाही. यात विसंगती नाही. उणे १८ अंशांना शिळं होणं खरोखर मंदावतं, आणि पुडी एकदाच उघडायची असल्याने घामाचा प्रश्न येत नाही. भाजून आठवडा झाला की दाणे १००-१०० ग्रॅमच्या झिप पिशव्यांत भरा, हवा पिळून काढा, सगळ्या पिशव्या आणखी एका मोठ्या पिशवीत घाला, प्रत्येकीवर तारीख लिहा. लागेल ती पिशवी रात्री बाहेर काढा आणि सकाळपर्यंत उघडू नका. दाणे खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. उघडलेली पिशवी परत आत टाकायची नाही.

जायफळाची कॉफी करत असाल तर जायफळ ग्राइंडरमध्ये दाण्यांबरोबर घालू नका, त्याचं तेल दात्यांना बसलं की महिनाभर प्रत्येक कपात येत राहतं. गॅस बंद केल्यावर किसणीवर दोन घासे पुरतात. ही कॉफी उकळत्या दुधातच पावडर टाकून करतात, पण दुधात अर्क नीट उतरत नाही. ७ ग्रॅम जाड रव्याइतकी पावडर ८० मिली उकळत्या पाण्यात घाला, गॅस बंद करून तीन मिनिटं झाका, गाळा, मग दूध-साखर.

आता फ्रिजमधल्या त्या बरणीचं काय. उघडून वास घ्या. कुबट, बुरशीसारखा वास आला तर सगळी टाकून द्या, गोळे फोडून वाचवायच्या भानगडीत पडू नका. वास नुसताच उडालेला असेल तर ८० ग्रॅम पावडर एक लिटर थंड पाण्यात कालवून झाका, १४ ते १६ तास फ्रिजमध्ये ठेवा, मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. गाळताना फडकं पिळायचं नाही, नाहीतर गाळ उतरतो. हे पाणी दोन-तीन दिवस टिकतं, आणि शिळेपणा गरम कॉफीत जितका टोचतो तितका त्यात टोचत नाही.